शरद पुढे कसा ढकलणार?

वाडीवाली:
एका मासिकासाठी झाडांवरचा इंग्रजी लेख मराठीत आणतेय आणि एका वाक्यावरून संपादकांशी जुंपली आहे. युरोपातल्या जंगलांत पानं कधी पिवळी पडायची हे कशावर ठरतं, असा विषय. २०२३ साली आलेल्या संशोधनात दिसलं की २१ जून, म्हणजे सगळ्यात मोठा दिवस, हा उंबरठा आहे. त्याआधी ऊब जास्त मिळाली की झाडाचं वर्षाचं काम लवकर उरकतं आणि पानं लवकर पिवळी पडू लागतात. त्यानंतरची ऊब मात्र तेच पिवळं पडणं रेंगाळत ठेवते. मी लिहिलं "पानगळ लांबते". संपादकांनी केलं "शरद ऋतू पुढे जातो". अहो, शरद म्हणजे आश्विन-कार्तिक! उन्हाने तो कसा पुढे जाईल? अधिक महिना आला तर गोष्ट वेगळी. पण खरं सांगायचं तर "पानगळ"ही मला पुरता पटत नाही, कारण लेखातली गोष्ट पान गळायच्या कितीतरी आधी सुरू होते. काय लिहू?

निरुक्तप्रेमी:
शरदच ठेवा. शाळेपासून ऑटम म्हणजे शरद. वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्कानेही शरदचा संबंध वनस्पती पिकण्याशी लावलाय.

चिमणबाग:
त्याच यास्काने शिशिर "शृणाति"शी, म्हणजे मोडतोडीशी जोडलाय. मग गळती कोणाच्या नावावर लावायची? आम्ही इंदूरकर शरदात कोजागिरीचं आटीव दूध पितो. झाडं तेव्हा पावसाने न्हाऊन हिरवीगार असतात आणि खाली ऑक्टोबर हीटने आपण शिजत असतो. पानं पडतात ती माघ-फाल्गुनात, होळीच्या अलीकडे. आमच्या घरी त्याला सरळ पतझड म्हणतात.

शुद्धलेखक:
पतझड हिंदी आहे. मराठीत "पानझड" असताना उसनवारी कशाला? भूगोलाच्या पुस्तकात "पानझडी वने" वाचलं नाहीत का?

चिमणबाग:
वाचलं की. पण "झड" म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे श्रावण येतो. चार दिवस झड लागलीय, कपडे वाळत नाहीत. पानं कुठून येणार?

दांडियाबाजार:
बडोद्यात पाचवी पिढी आमची. आमच्या घरात "पानखर". आजी अंगणातल्या बदामडीकडे बघून म्हणायची, "पानखर लागली गं, खराटा आण." रोज सकाळी लालभडक पानं, तळहाताएवढी, काही तर त्याहून मोठी, मध्ये एखादी शीर अजून हिरवी. झाडून टोपलीत घातली की तासाभरात पुन्हा तेवढीच. एक मजा सांगते. रस्त्यावरच्या दिव्याकडची फांदी शेवटपर्यंत पानं धरून असायची. आजी म्हणायची, तिला रात्र झालेली कळतच नाही.

शुद्धलेखक:
पानखर शुद्ध गुजराती. बडोद्यात राहिलं म्हणून शब्द मराठी होत नाही.

दांडियाबाजार:
मग काय, आजीला परप्रांतीय ठरवायचं? गुजरातीतलं खरवुं, म्हणजे गळणं, आणि आपलं झरणं, दोन्ही संस्कृत "क्षर"ची लेकरं. जे खरत नाही ते अक्षर. अक्षर चालतं आणि पानखर बाटलं, होय?

निरुक्तप्रेमी:
वा! हे पटलं. शरद मात्र सोडत नाही मी.

कमाटीबागवाले:
दांडियाबाजारताई, आजीचं निरीक्षण पोरकट नव्हतं. १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये मॅट्झकी नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने रस्त्यावरच्या दिव्यांजवळची झाडं पानं उशिरापर्यंत धरतात हे नोंदवलं आहे. थंड देशातली कित्येक झाडं रात्र किती लांबली यावरून हिवाळ्याचा अंदाज बांधतात, तिथे दिवा त्यांना फसवतो. बर्लिनला मोठा दिवस जवळजवळ सतरा तासांचा आणि लहान साडेसातच्या थोडा वर. आपल्याकडे साडेतेरा आणि पावणेअकरा. त्यामुळे बदामडीचं सगळं श्रेय मी दिव्याला देणार नाही. आपल्या साग-मोहाच्या रानात मुळांशी पाणी किती उरलंय हा मोठा हिशेब असतो. तरीही पिंपळ ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, पावसाला अवकाश असताना नवी पालवी फोडतोच, तेव्हा सगळं पाण्यावरही ढकलता येत नाही.

वाडीवालीताई, तुमचं वाक्य दोन क्रियापदांनी सुटेल. पान आधी पिकतं, मग गळतं. पिकताना झाड हिरवं रंगद्रव्य मोडतं, आतला पिवळा रंग उघडा पडतो, लाल असेल तर तो नव्याने तयार होतो, आणि पानातलं साधारण निम्मं नत्र झाड फांदीत परत ओढून घेतं. एवढं उरकलं की देठाशी पेशींचा एक थर तयार होतो आणि पान तिथे सुटतं. म्हणजे तुमच्या लेखात लांबतंय ते पिकणं. "पानं उशिरा पिकून संपतात" लिहा. म्हाताऱ्या माणसाला आपण पिकलं पान म्हणतोच की!

शुद्धलेखक:
"पिकणे" फळांना. पानांना "जीर्ण होणे".

चिमणबाग:
विड्याचं पान पिकलेलं कधी खाल्लं नाहीत वाटतं.

वाडीवाली:
सर, पिकणं झकास आहे! पण मथळ्यात नाम लागतं हो. "पर्णपक्वता" म्हटलं तर संपादक मला झाडावर चढवतील. आणि लेख परवा द्यायचाय.

निरुक्तप्रेमी:
मथळ्यात "शरद".

चिमणबाग:
दांडियाबाजार, ही बदामडी म्हणजे सुकामेव्यातला बदाम का?

दांडियाबाजार:
नाही हो. रस्त्याकडेला मजले रचल्यासारखं वाढतं ते मोठ्या पानांचं झाड. फळाचा बाहेरचा गर तुरट-आंबट. आम्ही कोय पायरीवर ठेवून दगडाने फोडायचो. आत बोटाच्या पेराएवढी गीर निघायची आणि निम्म्या वेळा तीही चेंगरलेली.

चिमणबाग:
अरे, हा तर आमचा देशी बदाम! इंदुरात आमच्या शाळेच्या कुंपणाला होता.

शुद्धलेखक:
"गीर" की "गर"?