‘जोडीदार’ म्हणजे भिडू की प्रेयसी? – अंतराळ-पत्त्यांच्या नियमांसाठी शब्द हवा

कर्लीकाठ : अंतराळकथेवरच्या पत्त्यांच्या खेळाची नियमावली मालवणातल्या मुलांसाठी मराठीत करतो आहे. खेळातल्या एका पानावर आहे : ‘पात्राचा रोमँटिक पार्टनर त्याच ग्रहावर असेल तर पात्राची ताकद २ ने वाढते.’ सध्या ‘जोडीदार’ लिहिलंय. चालेल?

हुकमाची दुर्री : नाही चालणार. मेंढीकोट खेळणाऱ्याचा जोडीदार म्हणजे समोर बसलेला भिडू. चौघांच्या डावात ‘जोडीदार त्याच ग्रहावर असेल तर’ वाचलं की भिडूचं कुठलंही पान तिथे टाकून २ मागतील. वर ‘जोडी’ म्हणजे दोन सारखी पानं, हा घोळ आहेच.

‘प्रियकर/प्रेयसी’ लिहिलंत तर प्रत्येक नियम दोनदा लिहावा लागेल. ‘प्रेमप्रकरण’ आणि ‘संबंध’ हे शब्द पोलीस ठाण्याच्या बातमीतून आल्यासारखे वाटतात.

मोचेमाड : मग ‘मोगी’ घ्या. गोव्याच्या कोंकणीत बाप्यालाही चालतो, बायलेलाही. वेंगुर्ल्यापर्यंत कुणाला समजवावा लागणार नाही.

हुकमाची दुर्री : आणि रत्नागिरीची मुलं मोगरीचं झाड शोधत बसतील.

दशावतारी : परंपरेत शब्द शोधून उपयोग नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १२० पानं, दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि दहा साधी पानं. राणीच नाही, तर जोडा कुठला! युरोपातल्या ‘सहासष्ट’ या खेळात मात्र एकाच रंगाचे राजा-राणी एका हातात आले की त्याला लग्नच म्हणतात : २० गुण, हुकमाचं असेल तर ४०. त्या राजाचं राणीवर प्रेम आहे का, असं कुणी विचारत नाही. रंग आणि चित्र पाहायचं, गुण मांडायचे.

तुमची अडचण शब्दाची कमी आणि व्याख्येची जास्त आहे. स्टार ट्रेक या अंतराळमालिकेवरच्या १९९४ च्या पत्त्यांत ‘लव्ह इंटरेस्ट’ नावाची दोन संकट-पानं आहेत, एक पुरुषांसाठी, एक स्त्रियांसाठी. चमूतलं एक माणूस उचलून सर्वांत दूरच्या ग्रहावर पाठवायचं, एवढंच काम. प्रेम कुणावर जडलं हे सांगावंच लागत नाही, लिंग कळलं की पुरे. तुमच्या पानाला मात्र दुसरं ठरावीक पात्र लागतं, म्हणून ते कसं ओळखायचं हे लिहायलाच हवं.

कर्लीकाठ : पात्राच्या ओळख-मजकुरात नातं लिहिलेलं असतं. तेवढं पुरे?

दशावतारी : पुरेल, पण शब्दांची यादी बंद करा. मी असं लिहीन :

‘दोन पात्रांपैकी निदान एकाच्या ओळख-मजकुरात दुसऱ्याचं नाव पती, पत्नी, प्रियकर, प्रेयसी, वाग्दत्त वर किंवा वाग्दत्त वधू यांपैकी एका शब्दासह छापलेलं असेल, तर ती दोन्ही पात्रं एकमेकांची प्रियपात्रं होत. त्या शब्दाआधी ‘माजी’ किंवा ‘दिवंगत’ असेल तर नाही.’

‘निदान एकाच्या’ हे गाळू नका. बऱ्याचदा तिच्या पानावर त्याचं नाव असतं आणि त्याच्या पानावर फक्त त्याच्या जहाजाचं. ते गाळलंत तर दोन्ही पानांवर नाव हवं असं कुणी म्हणेल आणि दोघांनाही २ मिळणार नाहीत.

‘मैत्रीण’ यादीत मुद्दाम घेतलेली नाही. मराठीत ती शाळेतली असते, शेजारची असते आणि ‘तसली’ही असते. ‘त्याच्यावर तिचा जीव जडला’ हेही बाद, ते एकतर्फी असू शकतं. आणि ‘मंडळी’ तर नकोच. जुन्या पत्रांत ती एकटी बायको, तुमच्या नियमांत अख्खा चमू.

हुकमाची दुर्री : ‘प्रियपात्र’ला एक फायदा आहे. शब्द नपुंसकलिंगी, त्यामुळे क्रियापद बिनघोर : ‘प्रियपात्र आलं, मेलं, दुसऱ्या ग्रहावर गेलं.’ कंसात ला/ली लागत नाही. तोटा असा की रोजच्या मराठीत गुरुजींचा लाडका विद्यार्थीही प्रियपात्रच, शिवाय तिथे प्रेम एकाच बाजूचं असतं. तेव्हा नियमावलीत शब्द सगळीकडे ठळक छापा, म्हणजे हा खेळातला शब्द आहे हे कळेल.

मोचेमाड : मजकुरात नावाऐवजी हुद्दा असला तर? ‘कप्तानाची पत्नी’?

दशावतारी : धरायचं नाही. कप्तान बदलला की बायकोही बदलेल. पूर्ण नावच हवं. एकाच व्यक्तीची दोन पानं असतील, तरुणपणीचं आणि म्हातारपणीचं, तर नाव जुळतं म्हणून दोन्ही धरा. आरशातल्या (समांतर) विश्वातली प्रतिकृती मात्र वेगळी व्यक्ती समजा आणि पानावरच तिचं नाव वेगळं छापा, नाहीतर दर डावाला भांडण.

कर्लीकाठ : एक प्रजाती तिघांनी लग्न करणारी आहे. प्रत्येकाच्या पानावर उरलेल्या दोघांची नावं ‘पती’ किंवा ‘पत्नी’ म्हणून. तिघंही एका ग्रहावर आली तर प्रत्येकाला २ की ४?

दशावतारी : व्याख्येप्रमाणे दोन-दोनच्या तीन जोड्या होतात, पण तुमचं पान ‘असेल तर’ म्हणतं, ‘प्रत्येकामागे’ नाही. म्हणून २. चार द्यायचे असतील तर पानावर ‘प्रत्येक प्रियपात्रामागे २’ असं छापा.