१२व्या आठवड्याची सोनोग्राफी म्हणजे नुसती भीती?

कडूलिंब: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, '१२व्या आठवड्यात एवढ्याशा जिवात काय डोंबल दिसणार? २०व्याची एकच सोनोग्राफी पुरे, बाकी सगळा भीतीचा धंदा.' डोकंच फिरलं. मी रोज हेच काम करतो. सायरेनोमेलिया घ्या, दोन्ही पाय एकमेकांना जुळलेले. साधारण लाखात एखादं बाळ. यात बहुतेकदा मूत्रपिंडं नसतात किंवा निकामी असतात. १६व्या आठवड्यानंतर गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवी. ती नाही, म्हणजे पाणी नाही. मग २०व्याला पडद्यावर नुसता राखाडी गिचमिडकाला, पाय एक की दोन हे सांगताना घाम फुटतो. १२व्याला पाणी असतं, म्हणून पाय दिसतात. उशिरा बघितलं की जास्त दिसतं, हे दरवेळी खरं नसतं.

सांजवेळ: मग माझ्या बहिणीला १२व्याला 'सगळं छान' आणि २१व्याला 'कॉर्पस कॅलोसम नाही', म्हणजे मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारा पट्टाच नाही, हे कसं?

कडूलिंब: तो पूर्ण घडायलाच १८-२० आठवडे लागतात. जी भिंत अजून बांधलीच नाही, ती नाही असं आधी कोण सांगणार? म्हणून तर दोन्ही तपासण्या लागतात.

वाटसरू: 'कुणीतरी' म्हणजे मीच. नाव घ्यायला लाज वाटली का? लाखात एकासाठी बाकीच्यांनी धास्ती घ्यायची? मला बाळाच्या हृदयात पांढरा ठिपका सांगितला. महिनाभर झोप नाही. निघालं काहीच नाही.

कडूलिंब: एकटा ठिपका म्हणजे व्यंग नव्हे. आणि तो बहुधा तुमच्या लाडक्या २०व्या आठवड्यातच सापडतो.

वाटसरू: हो, २०व्यालाच सापडला. खूश?

सांजवेळ: ठिपका राहू द्या. तुम्ही लोक गप्प का बसता? बहिणीच्या वेळी मी शेजारी होते. बाई आधी गप्पा मारत होत्या, मग एकदम चिडीचूप. पडदा स्वतःकडे वळवला. ती दहा मिनिटं बहीण अजून विसरलेली नाही.

कडूलिंब: अर्धवट बघून बोललो आणि चुकलो, तर तुम्हीच फाडून खाल.

अबोली: माझं बाळ अनेन्सेफलीचं होतं. कवटीचं छतच नाही, १३व्या आठवड्यात कळलं. डॉक्टर गप्प झाले तेव्हाच मी समजले. नंतर ते मशीनकडे बघत बोलले. माझ्याकडे नाही. निदान अचूक होतं हो, पण माझ्या लक्षात राहिली ती त्यांची पाठ.

वाटसरू: हेच म्हणतेय मी!

अबोली: नाही, तुम्ही तपासणीच नको म्हणताय. मला लवकर कळलं ते बरंच झालं. माझ्या दुःखावर तुमचा मुद्दा टांगू नका.

वाटसरू: चुकलं. पाण्याचं मला माहीत नव्हतं, १२व्या आठवड्याचं मान्य. माझा महिना परत द्या, मग बाकीचंही मान्य करते.

सांजवेळ: कडूलिंब, निदान आधी सांगा ना, 'आता थोडा वेळ मोजणार आहे, बोलणार नाही.' एवढं जमेल?

कडूलिंब: जमेल. त्यावरही कुणीतरी धागा काढेलच म्हणा.