कोका-कोलाची जुनी इनॅमल पाटी: १९५५ची म्हणतात, खरी का?

पाटीशोधक:
चोरबाजारात दीड बाय दोन फुटांची कोका-कोलाची लोखंडी पाटी आहे, मजकूर देवनागरीत. विकणारा १९५५ची सांगतो. खाली कोका-कोला बाटल्यांत भरणाऱ्या कारखान्याचा पत्ता, शेवटी 'बॉम्बे ४०० ००८'. चार भोकं, कडेला केशरी गंज, मधोमध दोन मोठे टवके. घ्यावी का? घेतलीच तर गंज कसा काढायचा?

जुनापत्रा:
१९५५ची नक्कीच नाही. सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ला आला, त्याआधी पत्त्यात नुसतं 'बॉम्बे ८' असायचं. कोका-कोलाने १९७७ला भारत सोडला तो १९९३पर्यंत. म्हणजे अस्सल धरली तरी ती १९७२ ते ७७ या पाचेक वर्षांतली, आणि भावही त्याच हिशोबाने करा. पाटीवर किंमत असेल तर आणखी सोपं: 'नवे पैसे' हे शब्द १९५७ ते ६४ याच काळातले.

भट्टीकर:
टवके मधोमध आणि भोकांजवळ एकही नाही, हे मला खटकतं. इनॅमल म्हणजे लोखंडावर सुमारे ८०० अंशांना वितळवलेली काच. स्क्रू आवळला की ती आधी भोकाभोवतीच उडते. जुन्या टवक्यातलं लोखंड काळपट तपकिरी आणि कडक असतं, त्याच्या कडेला थर दिसतात: तळाला गडद अस्तर, वर पांढरा, मग लाल. बोट फिरवल्यावर केशरी भुकटी हाताला लागत असेल तर तो गंज ताजा, बहुधा मीठ किंवा ॲसिड लावून आणलेला.

अक्षराच्या कडेला नख अडकतं का, हेही बघतात, कारण प्रत्येक रंग वेगळा भाजलेला असतो. पण हल्लीच्या नकलाही भट्टीतूनच निघतात, तेव्हा एवढ्यावर विसंबू नका. पाटी उलटी करा. मागेही इनॅमल हवं, नाहीतर भाजताना पत्रा वाकतो. मागे नुसता रंग मारलेला असेल तर सोडून द्या.

पाटीशोधक:
मागे काळा ऑइलपेंट आहे, नखाने निघतो. सोडली. पण सफाईचं सांगाच, दुसरी एक बघतोय.

जुनापत्रा:
आधी इनॅमल की छापील पत्रा ते ठरवा. छापील पत्र्याला थिनर लागला की शाई उतरते. त्याला फक्त साबणाचं कोमट पाणी, मऊ सुती कापड, आणि लगेच कोरडं करायचं. इनॅमललाही चिंच, लिंबू, संडासाचं ॲसिड नको, काचेची चकाकी जाते ती परत येत नाही. टवक्यातल्या उघड्या लोखंडावर तेवढं थोडं तेल आणि ०००० नंबरची (सगळ्यात बारीक) स्टील वूल, म्हणजे लोखंडी तारांचा मऊ काथ्या, फिरवा, तेल पुसा, वर मेणाचा पातळ हात द्या. टवके रंगाने भरू नका, संग्राहक अशी पाटी कमी भावात मागतात.

भट्टीकर:
टांगताना पितळी स्क्रू, पाटीच्या दोन्ही बाजूंना फायबरचा किंवा चामड्याचा वॉशर. स्क्रू टेकला की थांबायचं, अर्धा फेरा जास्त झाला तरी टवका उडतो. भिंतीपासून सेंटीमीटरभर अंतर ठेवा, पावसाळ्यात ओल मागच्या बाजूनेच धरते.