वर्णद्वेषी मारहाणीचा आरोप झाल्यावर सरकारने आधी काय बोलावे?

प्रश्न – म्हापसेकर

माझी भाची डब्लिनमध्ये परिचारिका आहे. 2025 च्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये भारतीयांवर हल्ले झाले, 1 ऑगस्टला आपल्या दूतावासाने सावधगिरीची सूचना काढली, आणि आम्हा घरच्यांची झोप उडाली. पुढे तेथील राष्ट्राध्यक्ष मायकेल हिगिन्स यांनी स्वतः निवेदन काढून हल्ल्यांचा निषेध केला, तेव्हा जरा धीर आला.

तेव्हापासून मला 2013 ची गोव्यातली पर्वरी आठवत राहते. पर्रा येथे एका नायजेरियन तरुणाचा खून झाला आणि त्याच्या देशबांधवांनी शववाहिका थांबवून पर्वरीला महामार्ग रोखला. त्या दिवशी मी बसमध्ये अडकलो होतो आणि माझा सगळा राग त्यांच्यावरच होता. स्थानिकांनी काही नायजेरियनांना मारहाण केली, आणि नंतर राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियनांना कर्करोगाची उपमा दिली. त्याबद्दल त्यांनी दिलगिरी व्यक्त केली खरी, पण तो शब्द उच्चारला गेला तेव्हा आमच्या घरात कुणालाच तो खटकला नव्हता, याची आज लाज वाटते.

माझा प्रश्न असा की तपास पूर्ण होण्याआधी कोणतेही सरकार हल्ल्याला वर्णद्वेषी म्हणू शकते का? आणि म्हणू शकत नसेल, तर त्याने नेमके काय म्हणावे?

उत्तर – निवृत्त शिक्षक, फोंडा

आपण दोन्ही प्रसंग शेजारी ठेवलेत, हे फार बरे केलेत. मी त्यात आणखी दोन प्रसंगांची भर घालतो.

2009 मध्ये मेलबर्नला भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले होत होते. हे संधिसाधू गुन्हे आहेत, असे व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांचे म्हणणे होते, आणि विद्यार्थ्यांना रेल्वेत मोठ्याने बोलू नका, लॅपटॉप दिसू देऊ नका, असे सल्ले दिले जात होते. आपल्याकडे त्यावर संताप उसळला. ऑस्ट्रेलियाने वर्णद्वेष कबूल करावा, हीच आपली मागणी होती. मार्च 2017 मध्ये ग्रेटर नोएडात जमावाने आफ्रिकी विद्यार्थ्यांना झोडपले. आफ्रिकी देशांच्या राजदूतांनी एकत्रितपणे या हल्ल्यांना परकीयद्वेषी आणि वर्णद्वेषी म्हटले व सरकारची प्रतिक्रिया अपुरी असल्याचे सांगितले, तेव्हा परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी संसदेत त्या निवेदनाबद्दल खेद व्यक्त केला आणि तपास संपेपर्यंत हल्ल्यांना वर्णद्वेषी म्हणता येणार नाही, अशी भूमिका घेतली. आठ वर्षांपूर्वी मेलबर्नकडून आलेले जे उत्तर आपल्याला टोचले होते, तेच आपण दुसऱ्यांना दिले.

हेतू सिद्ध होण्यापूर्वी तो ठामपणे सांगू नये, हे मला मान्य आहे. मात्र त्याच न्यायाने तो ठामपणे नाकारताही येत नाही, आणि आपले अधिकारी चुकतात ते येथेच. लंडनमध्ये 1993 साली एका कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला. त्याच्या तपासाची चौकशी करणाऱ्या मॅकफर्सन समितीने 1999 मध्ये सुचवले की पीडिताला किंवा अन्य कुणालाही जी घटना वर्णद्वेषी वाटते, तिची नोंद वर्णद्वेषी घटना म्हणूनच व्हावी. येथे शब्द ‘नोंद’ हा आहे, दोषसिद्धी नव्हे. नोंद झाली की तपास अधिकाऱ्याला त्या दिशेने प्रश्न विचारावेच लागतात. ती झाली नाही तर पुढे संशोधकांच्याही हाती काही लागत नाही: मेलबर्नच्या घटनांनंतर ऑस्ट्रेलियाच्या गुन्हेशास्त्र संस्थेने 2011 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात भारतीय विद्यार्थ्यांना लुटण्याचे प्रमाण जास्त आढळले, परंतु पोलिसांच्या नोंदींवरून त्यामागचा हेतू ठरवता आला नाही.

म्हणून सरकारचे पहिले वाक्य एवढेच असावे, की पीडितांचा आरोप वर्णद्वेषाचा आहे, तो आम्ही तसाच नोंदवला आहे आणि त्या अंगानेही तपास करीत आहोत.

उत्तर – डिचोलीकर

सरांशी बहुतांशी सहमत आहे, परंतु पर्रा येथील खुनामागे अमली पदार्थांच्या धंद्यातले वैर असल्याचे पोलिसांचे म्हणणे होते, हेही लिहिले पाहिजे. किनारपट्टीवरच्या गावांना त्या धंद्याचा जाच खराच आहे. मंत्र्यांनी धंद्याविरुद्ध बोलायला हवे होते. ते एका देशाच्या सगळ्या माणसांविरुद्ध बोलले.

उत्तर – वकील, पणजी

कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो. राज्यघटनेचे कलम 15 भेदभावापासून फक्त नागरिकांना संरक्षण देते, मात्र कलम 14 आणि 21 प्रत्येक व्यक्तीला लागू आहेत. 2000 साली चंद्रिमा दास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका बांगलादेशी महिलेच्या बाबतीत हे स्पष्ट केले.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत वंश, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनासाठी कलम 103(2) आणि गंभीर दुखापतीसाठी कलम 117(4) आहे. अडचण अशी की मारणारे दोघे-तिघेच असले तर ही कलमे लागत नाहीत. ईशान्येकडील नागरिकांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या बेझबरुआ समितीने 2014 मध्येच वंशद्वेषासाठी स्वतंत्र कलमे सुचवली होती.

त्यामुळे आपल्या ओळखीच्या कुणा परदेशी व्यक्तीला मारहाण झाली, तर तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जा. मारताना उच्चारलेल्या शिव्या ज्या भाषेत दिल्या गेल्या, त्याच शब्दांत तक्रारीत लिहून घ्यायला लावा. ‘अपशब्द वापरले’ एवढ्यावर सही करू देऊ नका, कारण हेतूचा पहिला पुरावा त्या शब्दांतच असतो. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, आणि ठाण्याने नोंद नाकारली तर तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते.