गुणवत्ता तपासनीस निवडताना मुलाखतीवर किती भिस्त ठेवावी?

मकरपुऱ्याचा कारखानदार (प्रश्न)

सर्वांस सप्रेम नमस्कार. वडोदऱ्यातील मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत आमचा व्हॉल्व्हचे सुटे भाग तयार करण्याचा छोटा कारखाना असून सध्या तेथे 42 माणसे काम करतात. वडिलांच्या काळी भरती ही फार विचार करण्याची बाब नव्हती. रावपुऱ्यातील किंवा दांडिया बाजारातील कोणी परिचित गृहस्थ मुलाचे नाव सुचवत, वडील त्याच्याशी चहा घेता घेता पंधरा मिनिटे बोलत आणि पुढच्या सोमवारी तो कामावर रुजू होई. गुजरातीत ज्याला लागवग, म्हणजे वशिला, म्हणतात तो हा प्रकार नव्हे, असे मी आजवर मानत आलो. आता मात्र तसे छातीठोकपणे सांगवत नाही.

गेल्या दोन वर्षांत याच पद्धतीने मी गुणवत्ता तपासणीसाठी चौघांना घेतले. दोघे तीन महिन्यांच्या आत सोडून गेले, एकाला मीच कामावरून काढले आणि चौथ्याने मंजूर केलेले 60 नग ग्राहकाकडून परत आले. विशेष म्हणजे चौघांच्याही मुलाखती मला उत्तम वाटल्या होत्या. आता पाचवी नेमणूक करायची आहे. मुलाखत घ्यावी की नाही, घेतल्यास कशी, आणि एखादी परीक्षा घेणे आमच्यासारख्यांना झेपेल का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

निवृत्त पर्सोनेल अधिकारी, अलकापुरी

आपल्या चौघांच्या मुलाखती उत्तम वाटल्या यात मला नवल वाटत नाही. मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीत आपण बहुधा माणसाचा बोलका स्वभाव आणि आपल्याशी असलेले त्याचे साम्य मोजत असतो, आणि त्यालाच लायकी समजतो. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये 85 वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला होता. निवडीच्या वेळचा अंदाज आणि पुढे प्रत्यक्ष कामात दिसलेली कामगिरी यांचा मेळ शून्य ते एक या पट्टीवर मांडला असता गप्पांच्या मुलाखतीचा आकडा 0.38 आणि आखीव मुलाखतीचा 0.51 आला. पुढे 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या हिशेबातील दुरुस्त्या अवास्तव असल्याचे दाखवून फेरमांडणी केली, तेव्हा आखीव मुलाखत 0.42 वर आणि गप्पांची मुलाखत 0.19 वर उतरली. नोकरीत घालवलेल्या वर्षांचा आकडा तर 0.07 इतकाच निघाला. जाहिरातीत 'किमान पाच वर्षांचा अनुभव' हे वाक्य सवयीने घालणाऱ्यांनी (मीही अनेक वर्षे घातले आहे) या शेवटच्या आकड्याकडे अवश्य पाहावे.

आखीव मुलाखत म्हणजे काही मोठे शास्त्र नव्हे. हा माणूस दिवसभरात नेमके काय करणार, कोणती चूक महागात पडते आणि कोणाशी त्याचा वाद होण्याचा संभव आहे, हे आधी कागदावर लिहावे, आणि त्यातूनच पाच-सहा प्रश्न काढून ते प्रत्येक उमेदवाराला त्याच क्रमाने विचारावेत. उदाहरणार्थ: 'संध्याकाळी सहाला गाडी भरून निघायची आहे, सुपरवायझर सही मागत आहे आणि तुम्हाला दोन नगांविषयी शंका आहे, अशा वेळी तुम्ही काय कराल?' मुलाखत घेणारे दोघे असावेत, दोघांनी प्रत्येक उत्तराला स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि गुण लिहून होईपर्यंत आपसांत एक शब्दही बोलू नये. ही शेवटची अट सर्वांत अवघड आहे, कारण उमेदवार दाराबाहेर पडताच 'काय, कसा वाटला?' हे शब्द आपोआप तोंडून निघतात, आणि मग थोरल्याचे मत तेच सर्वांचे मत होऊन बसते.

टूलरूममधला

परीक्षेचे मी सांगतो. कागदी प्रश्नपत्रिका काढण्यात वेळ घालवू नका. तयार झालेले पाच नग आणि त्यांचे ड्रॉइंग टेबलावर ठेवा. त्यांतील दोन मापाबाहेरचे असू द्या. ड्रॉइंगवर 25 मिलिमीटर एच-7 असा बोअर (आतले गोल छिद्र; एच-7 ही त्याच्या मापातील चालण्याजोग्या फरकाची खूण) असेल तर परवानगी शून्य ते अधिक 0.021 मिलिमीटर इतकीच असते. शेजारी फक्त 0.02 मिलिमीटर अल्पतम मापाचा व्हर्नियर ठेवा, म्हणजे त्याचे सर्वांत लहान मापच जवळजवळ त्या परवानगीएवढे. जो उमेदवार त्या व्हर्नियरने पाचही बोअर मोजून झटपट निकाल देईल, त्याचा निकाल बरोबर आला तरी त्याला घेऊ नका. जो म्हणेल, 'साहेब, याने हे मोजता येणार नाही, बोअर गेज (छिद्र अधिक बारकाईने मोजण्याचे साधन) द्या', त्याच्याशी पुढे बोला. एकूण अर्धा तास पुरतो.

सध्या नोकरी शोधणारी

टेबलाच्या दुसऱ्या बाजूने दोन गोष्टी सांगते. येथीलच एका कंपनीत मी हिशेबनीसाच्या जागेसाठी तीन फेऱ्या दिल्या. तिन्ही फेऱ्यांत प्रश्न तेच, फक्त विचारणारे निराळे. शिवाय लग्न कधी करणार हा प्रश्न तिघांनीही विचारला, जणू ताळेबंद जुळणे त्यावरच अवलंबून होते. भरती करताना स्त्री म्हणून भेदभाव करण्यास 1976 च्या समान वेतन कायद्यानेच मनाई केली होती, हे त्या तिघांपैकी एकालाही ठाऊक असावे असे वाटले नाही. त्यानंतर 'चाचणी' म्हणून मला जी फाइल देण्यात आली, ती त्यांच्या चालू महिन्याच्या जीएसटी मेळाची होती. मी चार तास बसून ती जुळवून दिली आणि 'कळवतो' या शब्दावर प्रकरण संपले.

म्हणून विनंती अशी की कामाचा नमुना जरूर करून घ्यावा, पण तो जुन्या, निकाली निघालेल्या कामाचा असावा. तो तासाभरापेक्षा लांबणार असेल तर त्याचे पैसे द्यावेत, आणि ज्यांना घेणार नाही त्यांनाही ठरलेल्या तारखेपर्यंत तसे कळवावे. वडोदरा हे मोठे गाव असले तरी उमेदवार एकमेकांना विचारतातच.

कलाभवनचा जुना विद्यार्थी

मुलाखतीचा विषय निघाला की आपल्या गावात 1875 सालची गोष्ट निघतेच. बडोद्याच्या गादीसाठी दत्तक घेण्यास कवळाणे गावाहून आणलेल्या मुलांना येथे येण्याचे कारण विचारले असता बारा वर्षांच्या गोपाळरावांनी, म्हणजे पुढच्या सयाजीराव महाराजांनी, 'राज्य करायला आलो आहे' असे उत्तर दिले आणि महाराणी जमनाबाईसाहेबांनी त्यांनाच दत्तक घेतले, असे सांगतात. एका उत्तरावर माणूस ओळखता येतो याचा दाखला म्हणून ही गोष्ट सांगितली जाते, परंतु तिचा उत्तरार्ध कोणी सांगत नाही. सयाजीरावांच्या हाती पूर्ण अधिकार आले ते 1881 च्या डिसेंबरात. मधली सहा वर्षे राज्याचा कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते आणि एलियट नावाचे शिक्षक महाराजांना शिकवत होते.

आपल्याला सहा वर्षे थांबणे परवडणार नाही, पण एक वर्ष परवडेल. शिकाऊ उमेदवार कायद्याच्या 2019 च्या सुधारित नियमांनुसार 30 किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार ठेवणे बंधनकारक आहे. आपल्याकडे 42 माणसे असल्याने आपण त्यात येताच. आयटीआयचे दोन विद्यार्थी घ्या आणि वर्षभर तपासणीच्या टेबलाशी बसवा. वर्षाअखेरीस जे कळेल ते कोणत्याही मुलाखतीत कळणार नाही.

निवृत्त पर्सोनेल अधिकारी, अलकापुरी

टूलरूमवाल्यांची परीक्षा मला फार आवडली. त्यात एकच भर घालतो: बाहेरच्या उमेदवाराला ती देण्याआधी आपल्या सध्याच्या दोन तपासनीसांना देऊन पाहा. ज्यांच्या कामावर आपला भरवसा आहे तेच त्यात अडखळले, तर दोष परीक्षेत आहे असे समजून ती बदलावी.

मकरपुऱ्याचा कारखानदार

सर्वांचा आभारी आहे. शनिवारी दोन्ही तपासनीसांना वेगवेगळे बसवून परीक्षा घेतली. दोघांनीही व्हर्नियर बाजूला सारून आपापला बोअर गेज मागितला, तेव्हा बरे वाटले. मात्र तिसऱ्या नगावर दोघांचे एकमत होईना. एकाने तो मंजूर केला होता, दुसऱ्याने नामंजूर. खोलात गेल्यावर समजले की त्यांपैकी एका बोअर गेजच्या कॅलिब्रेशनची (अचूकतेच्या पडताळणीची) मुदत केव्हाच संपून गेली आहे, आणि परत आलेले 60 नग त्याच गेजवर तपासले गेले होते. तेव्हा गेज आज प्रयोगशाळेत पाठवला आहे, चौथ्या मुलाला उद्या फोन करणार आहे, आणि जाहिरात त्यानंतर.