तेलाच्या डब्याची कुंडी उन्हात तापते का?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): परसात तेलाचे १५ किलोचे रिकामे डबे पडलेत. कुंड्या केल्या तर एप्रिलच्या उन्हात मुळं शिजतील का?

मिरज: शिजतील की! मी मार्केट यार्डातलं हळदीचं जुनं पोतं डब्याभोवती सुतळीनं आवळते, सकाळी त्यावर तांब्याभर पाणी मारते. कापलेली कड पक्कडीनं आत दुमडा, हात फाटतोय नाहीतर. बुडाला खिळ्यानं भोकं पाडून डबा विटांवर ठेवा. फरशीला टेकला की गंजलाच. रंगबिंग नंतर.

तासगाव: पाखरांसाठी करवंट्यांत पाणी ठेवत असाल तर आठवड्याच्या आत ओतून घासा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातही वाढतो.

प्रश्नकर्ती: ताई, पोतं गुंडाळलं. सासूबाई विचारतायत, कुंड्यांना हळद लावली, लग्न कधी?