चर्चासत्रात पेपर वाचायला पंधरा मिनिटं सांगितली, मिळाली चार. आता छापायला पैसे द्यायचे का?

बावड्याची_पोर (सोमवार, रात्री १०.१०)

नमस्कार. मराठीत पीएच.डी. करते आहे, दुसरं वर्ष. विषय थोडक्यात सांगते: आपल्या कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी येतो, मी गेलो, मी दमलो' असं बोलतात, ते कोण बोलतं, कुणासमोर बोलतं आणि कुणासमोर थांबतं. इथल्यांना यात शोधण्यासारखं काय आहे तेच कळत नाही. मलाही आठवीपर्यंत कळलं नव्हतं. सुट्टीत पुण्याला मावशीकडे गेल्यावर 'मी आंघोळीला जातो' म्हणाले आणि मावसबहिणी पोट धरून हसल्या, तेव्हा कळलं.

गेल्या आठवड्यात जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र झालं. नाव घेत नाही, तिथं ओळखीची माणसं आहेत. पत्रिकेत उद्घाटन साडेनऊला. बीजभाषक धारवाडहून यायचे होते, त्यांची गाडी निपाणीच्या अलीकडे अडकली, त्यामुळे सुरुवात सव्वाअकराला. मग प्रतिमापूजन, रोपट्याला पाणी, स्वागतगीत, परिचय, आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचं मनोगत. त्यात वीस मिनिटं ऊसदर. बीजभाषण मात्र खरंच चांगलं होतं, पण तोवर सगळ्यांचं लक्ष जेवणाच्या मांडवाकडे.

प्रमाणपत्रं जेवणाच्या वेळीच वाटली, सहीशिक्क्यासकट. ती मिळाल्यावर निम्मे लोक पार्किंगकडे. माझं सत्र दुपारी दोनचं, सुरू झालं पावणेचारला, खोली क्रमांक १४ मध्ये. बावीस पेपर. सत्राध्यक्षांना साडेपाचची एसटी गाठायची होती. माझा नंबर सतरावा. अकरा पानं होती, आईच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग होतं, स्पीकरची वायर नव्हती. सर म्हणाले, "फक्त निष्कर्ष सांगा." मी घाबरून म्हणून गेले, "सर, मी पहिल्यांदाच पेपर वाचतो आहे." खोलीत हशा. सर म्हणाले, "बघा, प्रात्यक्षिकच झालं!" आणि पुढं, "हा कन्नडचा प्रभाव. छान. पुढचा पेपर." चार मिनिटांत संपलं.

आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संयोजकांचा निरोप आलाय. आठ दिवसांत पूर्ण पेपर युनिकोडमध्ये पाठवा, सोबत पंधराशे रुपये. आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक) असलेला विशेषांक, 'पीअर रिव्ह्यूड', म्हणजे विषयातल्या जाणकारांनी तपासलेला. आठ दिवसांत कोण वाचणार आणि कधी तपासणार? नोंदणीचे आठशे आधीच गेलेत. गाईड म्हणतात, देऊन टाक, पुढं कामी येईल. खरंच येतं का? पीएच.डी.ला हे लागतं का? आणि पुढच्या वेळी पण चारच मिनिटं मिळाली तर काय करू?

तासिकावाला (सोमवार, रात्री ११.३५)

ताई, पंधराशे देऊ नका. त्यात वर्षभराची चांगली पुस्तकं येतात.

मी सात वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवतो आहे. फाईलमध्ये एकेचाळीस प्रमाणपत्रं आहेत, मुलाखतीला गेलो की पॅनेल ती फाईल नुसती उचलून वजन बघतं. तुम्हाला हिशोब सांगतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या निवड-बढतीसाठी पेपरवाचनाला राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर २ गुण, राष्ट्रीयला ३, देशातल्या आंतरराष्ट्रीयला ५, परदेशात ७. आता कळलं का, दर दुसऱ्या बॅनरवर 'आंतरराष्ट्रीय' का असतं? बाहेरच्या देशातला एक पाहुणा ऑनलाइन आला की झालं काम. आणि वाचलेला पेपर नंतर त्याच चर्चासत्राच्या पुस्तकात पूर्ण छापला तरी गुण एकदाच मिळतात, दोनदा नाही. हे कुणी सांगत नाही.

पीएच.डी.चं म्हणाल तर २०१६ च्या नियमांत प्रबंध देण्याआधी एक शोधलेख आणि दोन चर्चासत्रांत वाचन सक्तीचं होतं. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत यूजीसीनं ती सक्ती काढली. पण विद्यापीठाला स्वतःची अट ठेवता येते. म्हणून पीएच.डी. विभागात जाऊन तुमच्या नोंदणीच्या वर्षाचं परिपत्रक स्वतः वाचा. गाईडच्या आठवणीवर जाऊ नका, त्यांच्या डोक्यात अजून जुनेच नियम असतील.

आणि आयएसएसएनला भुलू नका. तो आठ अंकी ओळख क्रमांक आहे, अर्ज केला की फुकट मिळतो. नंबरप्लेट बघून ड्रायव्हर कसा आहे ते कळतं का? यूजीसीची मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी होती तोवर थोडा तरी चाप होता. ती फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं बंद केली आणि नियतकालिक बरं की वाईट हे ज्या त्या संस्थेवर सोडलं. आता जो तो मुखपृष्ठावर 'पीअर रिव्ह्यूड' छापतोय.

कट_वेगळा (मंगळवार, सकाळी ७.५०)

एवढं सगळं लिहिलंत, जेवण काय होतं ते राहिलं की.

बावड्याची_पोर (मंगळवार, सकाळी ८.०५)

मसालेभात, बटाट्याची भाजी, पुरी, जिलेबी.

कट_वेगळा (मंगळवार, सकाळी ८.०७)

कोल्हापुरात बोलवून रस्सा नाही? मग आठशे कशाचे घेतले?

जुना_खडू (मंगळवार, दुपारी ४.२०)

त्या आठशेचं उत्तर मी देतो, कारण मी अशी चर्चासत्रं भरवली आहेत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आता बोलायला हरकत नाही.

अनुदान मिळालं तरी पुरत नाही आणि बऱ्याचदा मिळतच नाही. पाहुण्यांचा प्रवास, मुक्काम, मानधन, मांडव, जेवण, फोल्डर, बॅनर हे सगळं नोंदणीतून उभं करायचं. म्हणजे दीडशे माणसं हवीत. दीडशे माणसं हवीत तर दीडशे पेपर घ्यावे लागतात, कारण पेपर नसलेला माणूस पैसे भरून येत नाही. आणि दीडशे पेपर एका दिवसात बसवायचे म्हणजे तुझ्या खोलीत बावीस. कुणी दुष्टपणानं तुझी अकरा मिनिटं कापली नाहीत मुली, ती जेवणाच्या ताटात गेली. वर कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फाईलला जिओटॅगवाले, म्हणजे जागेची नोंद असलेले फोटो हवे असतात. ते उद्घाटनाचे चांगले येतात, खोली क्रमांक १४ चे येत नाहीत. एका वर्षी मी वीसच पेपर घेऊन दोन दिवसांचं चर्चासत्र केलं होतं. चर्चा अशी रंगली की चहा गार झाला. पण हिशोबात नऊ हजार खिशातून गेले आणि प्राचार्यांनी विचारलं, "सर, एवढीच उपस्थिती?" पुढच्या वर्षी मी पण दीडशेवर आलो. माझंही चुकलंच.

आता तुझ्या कामाचं. पंधरा मिनिटांचा पेपर लिहूच नकोस. पाच मिनिटांचा लिही आणि उरलेला वेळ मिळाला तर उदाहरणं वाढव. एका पानावर दहा वाक्यं छापून तीस प्रती ने, वायर नसली तरी कागद चालतो. सत्राध्यक्षांना जेवणाच्या रांगेत गाठून विषय कानावर घालून ठेव. व्यासपीठावर माणूस अध्यक्ष असतो, रांगेत हातात ताट घेतलेला वाचक असतो.

तुझे सत्राध्यक्ष चुकले नाहीत, अर्धं बोलून थांबले. कन्नडमध्ये 'मी येतो' आणि 'मी येते' या दोन्हींना 'नानु बरुत्तेने' हे एकच रूप. पण तिथं 'तो येतो' म्हणजे 'अवनु बरुत्ताने' आणि 'ती येते' म्हणजे 'अवळु बरुत्ताळे'. तुझी आई 'मी आलो' म्हणते, पण शेजारणीबद्दल 'ती आला' म्हणते का? नाही ना. 'ती आली'च म्हणते. म्हणजे भेद स्वतःपुरता गेला, दुसऱ्यापुरता राहिला, अगदी कन्नडसारखा. इथवर सरांचं बरोबर. पण दोनातलं एक रूप टाकायचं होतं तर 'येते' का गेलं, 'येतो' का राहिलं? ते कन्नड सांगत नाही. आणि प्रभावच असेल तर गडहिंग्लजला, जिथं घरात कन्नड ऐकू येतं, आणि शाहूवाडीला, जी रत्नागिरीच्या अंगाला आहे, काही फरक दिसतो का? दोन्हीकडे जा. परवानगी घेऊन रेकॉर्ड कर. हा लेख विशेषांकाला देऊन वाया घालवू नकोस.

तासिकावाला (मंगळवार, संध्याकाळी ६.००)

सर, ते नऊ हजार परत मिळाले का?

जुना_खडू (मंगळवार, संध्याकाळी ६.२५)

नाही. पण त्या वीसपैकी तिघांचे फोन अजून येतात.

बावड्याची_पोर (शुक्रवार, रात्री ९.३०)

सर्वांचे आभार. पैसे भरले नाहीत, ग्रुपवर 'लेख अजून कच्चा आहे' एवढंच कळवलं. परिपत्रक मिळवायला दोन चकरा झाल्या, पण मिळालं. गाईडना दाखवलं तर म्हणाले, "अस्सं होय!" आणि विषय बदलला.

सर, तुमचं 'ती आली' वाचून आईचं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. चाळीस मिनिटांत स्वतःबद्दल एकदाही 'आले, गेले' नाही आणि शेजारच्या काकूंबद्दल एकदाही 'आला, गेला' नाही. मधे पुण्याच्या मावशीचा फोन आलाय, तेवढीच दोन मिनिटं आई 'बरी आहे गं, आत्ताच जेवले' म्हणते. फोन ठेवला आणि लगेच मला, "भूक लागली असंल, मी वाढतो थांब." हे अकरा पानांत कुठंच नव्हतं, मी ते मधला व्यत्यय म्हणून कापलं होतं.

अजून एक गोष्ट तेव्हा लिहायची राहिली, कारण ती मला चर्चासत्राचा भाग वाटलीच नाही. माझा पेपर संपल्यावर बाहेर चहाच्या टेबलावर बचत गटाच्या एक मावशी होत्या. कप देताना म्हणाल्या, "दारातनं ऐकत हुतो तुमचं. मी बी येतो, जातोच म्हणतो की. पर सुनंला सांगतो, पोरासमोर 'येते' म्हण बाई, साळंत हसत्यात." मी तेव्हा रडवेली झाले होते, नुसतं हो हो म्हणून चहा घेतला. दिवसभरात माझ्या विषयावर मनापासून बोललेलं ते एकच माणूस, आणि त्यांचं नावसुद्धा विचारलं नाही.

काल कॉलेजातल्या मैत्रिणीकडून नंबर मिळवला. मावशी मूळच्या गडहिंग्लजकडच्या, माहेरी घरात निम्मं कन्नड. बोलणं रेकॉर्ड केलं तर चालेल का, असं विचारलं. आधी हसल्या, मग म्हणाल्या, "ये की रविवारी. पर बाराच्या म्होरं ये, सकाळी मी भाकरीच्या आर्डरीत असतो."

'असतो'. फोन ठेवायच्या आधीच हातावर लिहून घेतलं.

कट_वेगळा (शुक्रवार, रात्री ९.४१)

भाकरी खाऊन ये. तिथं रस्सा नक्की असणार.